डावा गुडघा कुणी पाहिला नाही

एकोणीस वर्षं मी जेद्दात लोकांचे गुडघे वाकवतोय, आणि त्या वर्षी मला गुडघ्यांचा वीट आला होता. रत्नागिरीहून फिजिओथेरपिस्ट म्हणून आलो तेव्हा हातात उत्साह होता. आता नुसती सवय उरली होती. दिवसाला पंचवीसेक पेशंट, सगळ्यांना तेच व्यायाम, तेच बोलणं. बायको म्हणायची, "घरीसुद्धा पेशंटशी बोलल्यासारखंच बोलता." खोटं नव्हतं.

एका लहान फुटबॉल क्लबचे खेळाडू तपासणीला आमच्या हॉस्पिटलात यायचे. त्यांच्यात तो होता. पश्चिम आफ्रिकेतला स्ट्रायकर, कागदावर चौतीस वर्षांचा. खरं वय मी विचारलं नाही. मोरोक्को, माल्टा, तुर्कस्तान, व्हिएतनाम, ओमान असं फिरत फिरत तो इथे येऊन पोचला होता. मध्ये एक हंगाम गोव्यातही खेळला होता. पहिल्याच दिवशी माझ्या डब्याच्या वासावरून म्हणाला, "डॉक्टर, बांगडा आणि नारळ, बरोबर?" मी डॉक्टर नाही, पण इथे पांढरा कोट घालतो तो डॉक्टर. त्या दिवशी अर्धा डबा त्याला दिला.

एवढं फिरून पदरात काय पडलं, असं एकदा विचारलं तर तो हसला. "गोल झाले तर मोठा क्लब नेत नाही, नाही झाले तर लहान क्लब ठेवत नाही. मग विमान." त्याच्या आईने त्याला मैदानावर खेळताना कधीच पाहिलं नव्हतं. तो सतरा वर्षांचा असताना गावातून गेला, तेव्हापासून ती त्याला फोनच्या पडद्यावरच बघत आली होती. आता ती गावच्या लोकांबरोबर उमऱ्याला, मक्केच्या यात्रेला, येणार होती, आणि ती इथे असतानाच जेद्दात एक सामना होता. तिच्यासमोर तेवढा एक सामना खेळायचा, एवढंच त्याचं मागणं होतं.

पण क्लबला त्याच्या उजव्या गुडघ्याचा भरवसा नव्हता. त्यावर तुर्कस्तानात ऑपरेशन झालेलं. माझ्या रिपोर्टवर ठरणार होतं. फिट म्हटलं तर हंगाम संपेपर्यंत संघात, नाहीतर करार खलास, इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना रद्द, घरचं तिकीट.

तो आला तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि मी पाट्या टाकत होतो. आमच्या धंद्याची रीत साधी आहे. दुखरा पाय चांगल्या पायाशी ताडून बघायचा. गुडघा अधू झाला की मांडी बारीक होते. मी टेप लावली. उजवी मांडी, डावी मांडी, दोन्ही अगदी सारख्या. म्हणजे उजवी पूर्ण भरून आली, असं मी लिहिलं. डाव्या बाजूसमोर न बघताच 'नॉर्मल'ची खूण केली, जशी वर्षानुवर्षं करत आलो होतो. सही ठोकली.

दोन दिवसांनी तो आभार मानायला आला. परतताना लिफ्टला गर्दी होती म्हणून जिन्याने उतरू लागला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा, हे मी पेशंटना दिवसातून वीस वेळा सांगतो. तो वरच्या पायरीवर थांबला. एक पायरी उजव्याने उतरला, दुसरी डाव्याने, मग पुन्हा उजव्याने, आणि दोन्ही हातांनी कठडा धरलेला. आधी कुठला पाय टाकायचा हेच त्याला ठरवता येत नव्हतं. चांगला पाय त्याच्याकडे नव्हताच.

मी त्याला परत वर बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि एकट्या डाव्या पायावर उठायला सांगितलं. त्याला उठता आलं नाही. दोन्ही मांड्या सारख्या होत्या, कारण दोन्ही सारख्याच झिजल्या होत्या.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"व्हिएतनामपासून दुखतोय," तो म्हणाला. "सगळे ऑपरेशनची खूण असलेला गुडघा बघतात. तुम्हीही डाव्याबद्दल विचारलं नाही, डॉक्टर."

मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. रिपोर्ट क्लबकडे गेला होता. तो मागे घ्यायचा म्हणजे हात दाखवून अवलक्षण. त्याने माझा हात धरला. "आई येईपर्यंत. पाच आठवडे. मग मीच सांगतो त्यांना." मी गप्प बसलो. त्याच्या आईसाठी, असं तेव्हा मनाला समजावलं. खरं तर मी दमलो होतो, आणि इतक्या वर्षांनी वरिष्ठांसमोर चूक कबूल करायची माझ्यात हिंमत नव्हती. पाच आठवडे मी त्याचे दोन्ही गुडघे बांधत राहिलो, आणि प्रत्येक सामन्यानंतर तो पायावर उभा आहे ना, एवढंच बघत राहिलो.

सामन्याच्या दिवशी तो संघाबरोबर होता, म्हणून त्याच्या आईला मक्केहून मी गाडीने आणलं. सोबत त्यांच्या गटातली एक बाई होती, तिला अरबी येत होतं. मलाही हॉस्पिटलापुरतं येतं. म्हातारी वाटभर बाहेर बघत होती, हातात तस्बीहची जपमाळ. मधूनच तिने पिशवीतले शेंगदाणे काढून माझ्या तळहातावर ठेवले.

आम्ही कुटुंबांसाठी राखलेल्या भागात बसलो. संघ मैदानात आले. तो रांगेत पाचवा होता, आणि खरं सांगतो, मला त्याच्या चालण्यात काहीच वावगं दिसलं नाही. दुपारी मीच पट्ट्या बांधल्या होत्या. म्हातारी पुढे वाकली. त्याने दहा पावलंही टाकली नसतील, तोच ती सोबतिणीला काहीतरी म्हणाली.

"विचारतायत," सोबतीण मला म्हणाली, "ह्याचे दोन्ही पाय का दुखतायत?"

म्हातारी आता माझ्याकडेच बघत होती. तिने आणखी काही विचारलं.

"इथे ह्यांना तपासायला डॉक्टर नाही का?"

"आहे," मी म्हणालो. सोबतिणीने ते तिला सांगितलं. मी कोण आहे हे दोघींनाही ठाऊक होतं.

सामना सुरू झाला. तो पहिल्यांदा चेंडूमागे धावला तेव्हा म्हातारीने डोळे मिटले. पुढे लोक ओरडले, उभे राहिले, खाली बसले, तरी तिने ते उघडले नाहीत. तिचे ओठ हलत होते. मध्यंतराची शिट्टी झाली. तो मैदानाच्या कडेला आला, त्याने आम्हाला शोधून काढलं आणि दोन्ही हात वर करून हलवले. तिने डोळे उघडले नाहीत. मीच उठून हात हलवला.