शेजारच्या प्लॉटवरची होडी

बिबवेवाडीत आम्ही सहा जण एका खोलीत राहायचो. रात्री एकाने पाय पसरले की दुसऱ्याला आखडावे लागत. मी घरातला पहिला पदवीधर. कॉम्प्युटरच्या कंपनीत लागलो आणि वारज्यात स्वतःचा फ्लॅट घेतला. म्हणूनच समोरच्या सोसायटीतले एक गृहस्थ चांगलं घर सोडून होडीत राहायला निघालेत, हे कळल्यावर मला राहवेना.

जुनी शिडाची होडी त्यांनी ट्रकवरून आणून शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर ठेवली होती. मंडईत कलिंगड वाजवतात तशी ते एकेक फळी वाजवत, कुजकी निघाली की बदलत.

"अहो, मुठेला एवढं पाणी कुठंय?" मी विचारलं.

"मुठेला कोण विचारतंय? कोकणात नेणार."

"पण एवढ्याशा जागेत दोघं?"

"घर लहान असलं की अंगण मोठं घ्यावं."

त्यांची बायको मात्र स्टूल टाकून होडीबाहेरच बसायची. "नव्या घरात दूध उतू गेल्याशिवाय मी पाऊल ठेवणार नाही."

"अगं, लाटांवर सांडू नये म्हणून तर शेगडी टांगून बसवलीय. आता मुद्दाम सांडू?"

"हो."

रविवारी त्यांनी पातेलं काठोकाठ भरलं. दूध उतू जाऊन नव्या रंगावर ओघळलं. ते पुसायला फडकं शोधू लागले, तोवर बाईंनी स्टूल उचलून आत नेलं.

दिवाळीनंतर होडी ट्रकवर चढून कोकणात गेली आणि दोघं तिच्यात राहायला गेली.