दादा शांत झाला नव्हता

दादाच्या मुलाचा, बालाजीचा फोन आला तेव्हा मी गिरणीवर दळणासाठी उभी होते. "आत्या, दादा गेले," एवढंच तो म्हणाला. पिठाचा डबा तिथंच सोडून मी बीडहून नांदूरघाटची गाडी धरली. दारात पोचले, तर ओसरीवर बसलेली माणसं एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होती... "शेवटी शेवटी लई शांत झालते दादा." रडता रडता मला जो संताप आला, तो आज इतके आठवडे झाले तरी उतरलेला नाही. माझा थोरला भाऊ, अख्ख्या गावाचा दादा, शांत झाला नव्हता. त्याला गप्प केलं होतं. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही, म्हणून हे लिहिते आहे.

दादा जनावरांच्या बाजारातला दलाल. दलाल म्हटलं की शहाण्यासुरत्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, खुशाल पडू देत. वडवणीच्या बाजारात बैलांचा सौदा तोंडाने व्हायचा नाही. दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात हातात घ्यायचे, वरून उपरणं टाकायचे आणि किंमत बोटांनी बोलायचे. शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागायचा नाही. हात झाकलेले, पण दादाची नजर समोरच्याच्या चेहऱ्यावरून हलायची नाही. "हात काय बी बोलू दे, खरं तोंडावर दिसतंय," असं तो म्हणायचा. बोटं खाली आणि डोळे वर, असा त्याने जन्म काढला. उपरणं काढलं की मग तोंड सुरू. थट्टा, टोमणे, एखादी खणखणीत शिवी... बाजारातून त्याचा आवाज आधी घरी यायचा आणि दादा मागून, असं आमची वहिनी हयात असताना म्हणायची.

मग घशाचं दुखणं निघालं. तंबाखूने घात केला. डॉक्टरांनी आवाजाची पेटी काढली, माणूस वाचला, पण आवाज कायमचा गेला. दवाखान्यात त्याला पाटी-पेन्सिल दिली होती. तो खाली मान घालून लिहायचा आणि भेटायला आलेली माणसं तेवढ्यात खिडकीबाहेर बघायची. दादाने ती पाटी कॉटखाली सरकवून दिली. तेव्हा आमच्या मिस्टरांनी आपला फोन त्याला दिला. वर पडदा आणि खाली सगळी इंग्रजी अक्षरं, प्रत्येकाचं वेगळं उंचवट्याचं बटण. दादा जुना दहावी पास. महिनाभर घोटून घोटून त्याने ती बटणं अंगठ्यांना शिकवली. मराठीच लिहायचा, इंग्रजी अक्षरांत, आजकाल सगळेच लिहितात तसं. ज्याला वाचता येत नसे त्याला शेजारचा कुणीतरी वाचून दाखवायचा.

आणि मग आमचा दादा परत आला. फोन पोटाशी धरलेला, वर उपरण्याचं टोक, नजर तुमच्या डोळ्यांत. अंगठे आत चालू आहेत हे तुम्हाला दिसायचंही नाही. तुमचं वाक्य संपायच्या आत फोन तुमच्या नाकासमोर यायचा. एका व्यापाऱ्याने मुका माणूस समजून खोडीचा बैल गळ्यात मारायचा प्रयत्न केला, तर दादाने त्याला दाखवलं, "आवाज गेलाय. अक्कल न्हाई." बाजार हसला, व्यापारीही हसला. लोक थांबायचे, कारण दादा त्यांच्याकडे बघत असायचा. ज्याच्याकडे कुणी रोखून बघतंय तो माणूस मध्येच उठून जात नाही, एवढी साधी गोष्ट आहे. खंडेनवमीला हत्यारांची पूजा मांडली की विळा, कुऱ्हाड, कासरा यांच्या ओळीत दादा तो फोनही ठेवायचा. त्याला हळदकुंकू लागायचं. बटणांच्या फटीतलं कुंकू पुढे दिवाळीपर्यंत निघायचं नाही.

गेल्या वर्षी खंडेनवमीला पूजा झाली आणि दसऱ्याला बालाजीने तोच फोन केजच्या दुकानात देऊन त्या बदल्यात मोठा काचेचा फोन आणला. सोनं वाटायला मी गेले होते, तेव्हा दादाच्या हातात तो बघितला. "कावून बदलला रे?" मी विचारलं. बालाजीच्या मनात पाप नव्हतं, हेही सांगते. "आत्या, त्यावर फोन लागंना, मेसेज येइनात. आन् लोकात दादांच्या हाती डबडं बरं दिसत न्हाई." फोन लागेना! ज्याला आवाज नाही तो फोन लावून काय करणार होता? त्याला पुण्या-मुंबईला बोलायचं नव्हतं. समोर बसलेल्या माणसाशी बोलायचं होतं, आणि त्याला नेटवर्क लागत नाही. पण हा विचार ना पोराने केला, ना दुकानदाराने, ना असले फोन बंद करून टाकणाऱ्या शहाण्यांनी. नवं म्हणजे चांगलं, हे कुणी ठरवलं?

काचेवर अंगठ्याला काही लागत नाही. बघावंच लागतं. कासरे ओढून ओढून दादाचे अंगठे फाटलेले, जाड. एक अक्षर दाबावं तर शेजारचं उमटायचं. मान खाली, चष्मा नाकावर, एक अक्षर, मग खोड, मग पुन्हा. वर बघेपर्यंत समोरचा उठून गेलेला. बालाजीने त्यावर उपाय काढला, लिहिलेलं फोनच मोठ्याने बोलून दाखवील असा. बाजारात दादाचं वाक्य एका नाजूक बाईच्या आवाजात निघालं, तेव्हा सगळे पोट धरून हसले. या वेळी दादा हसला नाही. मी त्या दुकानात जाऊन भांडले. जुना फोन लॉटात पुढे गेला, असं उत्तर मिळालं. "मावशी, तसले आता येतच न्हाईत." साधा आकड्यांचा फोन घेऊन गेले, तर त्याला एका अक्षरासाठी तीनतीनदा दाबायचं. जी जागा अंगठ्यांना पाठ होती ती त्यात नव्हतीच. दोन दिवस खटपट करून त्याने तो मला परत दिला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, जणू मीच आजारी होते.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गिळलं असतं. पण मनीषाची बैठक मी गिळू शकत नाही. मनीषा ही बालाजीची लेक, बीडला माझ्याकडे राहून नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. स्थळ आलं, दिवाणखान्यात पुरुषांची बैठक बसली, आम्ही बायका दाराशी. देण्याघेण्याचं, मानपानाचं झालं. कुणीतरी म्हणालं, "दादांना इचारा की एकदा." दादाने फोन उचलला आणि मान खाली घातली. आमच्याकडे बैठकीत मोठ्या माणसाने मान खाली घालून गप्प बसणं म्हणजे होकार, हे सगळ्यांना ठाऊक. मुलाकडचा मामा म्हणाला, "दादांची काय हरकत दिसत न्हाई," आणि सुपारी फोडली. तो आवाज झाला तेव्हा दादाने मान वर केली. फोन पुढे धरला. कुणी घेईना. शेवटी दारातून आत जाऊन मी तो घेतला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला, "पोरीला आदी शिकू द्या." बालाजी हळू आवाजात म्हणाला, "आत्या, आता फुटली ना सुपारी." जुना फोन असता तर त्या मामाच्या हाताने सुपारी उचलायच्या आधी दादाने त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं असतं, आणि दादाने डोळ्यांत बघून सांगितलेलं मोडायची त्या खोलीत कुणाची टाप नव्हती. मनीषाचं लग्न झालं, कॉलेज सुटलं. दादाने त्या दिवसानंतर फोन उशाशी पालथा ठेवला आणि विचारील त्याला नुसती मान हलवू लागला. यालाच गाव शांत होणं म्हणतं.

परवा पुन्हा गेले होते. बालाजीने भिंतीवर लावायला फोटो मोठा करून आणला होता, त्याच नव्या फोनवर काढलेला. फोटो झकास, सुरकुती न् सुरकुती दिसते. दादा खाली मान घालून बसलेला. "बघा आत्या, किती शांत दिसतेत."

"तो शांत नाही दिसत, बालाजी. तो अक्षर हुडकतोय."

त्याचा चेहरा उतरला. मी पिशवीतून दुसरा फोटो काढला. मनीषाने सासरहून पाठवलेला, जुना फोन होता तेव्हा, कॉलेजला निघताना तिने काढलेला. जरा धुरकट आहे, पण दादा सरळ समोर बघतोय, मनीषाकडे. बालाजी तो उजेडात धरून बराच वेळ बघत राहिला. "ह्यात हातच आले न्हाईत," तो म्हणाला. आणि मग अगदी बारीक आवाजात, "तिला काय म्हणत असतील ओ?"

"ते आता कुणालाच वाचता येणार नाही," मी म्हटलं. "पण काहीतरी म्हणत होता, एवढं कबूल कर. आणि मग खिळा ठोक."