आकाश काय काय पाडतं

मांजरसुंब्याच्या चौकातले पंक्चरवाले मामा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधता शोधता मला, एका मास्तरला, क्षेपणास्त्रं शिकवायचे. “नाग रणगाड्याला डसतो, सर. आकाश इमान पाडतं. नावातच काम हाय.” सीमेवर जवान असलेला त्यांचा पोरगा फोनवर सांगायचा, तेच मामा मला सांगायचे.

पोराचा फोन बंद होऊन तीन दिवस झाले होते. ढाब्यावरच्या टीव्हीत पलीकडच्या ‘शाहीन’ क्षेपणास्त्राचं नाव आलं. कुणीतरी अर्थ विचारला.

“ससाणा,” मामा म्हणाले. “लई उंचावरून येतो.”

ठिगळ लावलेली ट्यूब त्यांनी पुन्हा पाण्यात दाबली. बुडबुडा एकही नव्हता, तरी हात वर येईना.

“आपलं आकाश त्येला वाटंतच पाडतं ना, सर?”

असल्या क्षेपणास्त्रापुढे आकाश पुरत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

“पाडतं की,” मी म्हणालो.