साफा बांधला तरच उघडणारा लॅपटॉप

नवा फोन बाजारात यायच्या आधीच त्याच्या बॅटरीबद्दल माझं मत तयार असतं. वापरतो तो फोन जुनाच, पण मत ताजं. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणी मोबाइल घ्यायचा म्हटलं, की मी जयपूरहून पाच परिच्छेद पाठवतो. मंडळी मनापासून आभार मानतात आणि दुकानदार दाखवेल तो फोन घेऊन येतात.

विमा कंपनीतल्या नोकरीमुळं आम्ही मिरजेहून इथं शास्त्रीनगरात आलो. बायकोनं तिकडच्या शाळेतून बिनपगारी रजा काढली होती, ती जूनमध्ये संपणार. "बदली झाली तर सगळे जाऊ. नाही झाली तर मी एकटी जाणार," असं तिनं शांतपणे सांगितलं होतं. ती आरडाओरडा करते तेव्हा काळजी नसते.

बदलीचा अर्ज ऑफिसच्या लॅपटॉपवरूनच भरता येतो, मुदत शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत. नवे लॅपटॉप आले शुक्रवारी, आणि त्याच दिवशी आमच्या साहेबांचा निरोप समारंभ. इथल्या पद्धतीप्रमाणे आम्हा सगळ्यांना साफे बांधलेले. केशरी-पिवळा साफा पार भुवयांपर्यंत उतरलेला, कपाळाचा पत्ता नाही, अशा अवस्थेत लॅपटॉप देणारा म्हणाला, "सर, चेहरा नोंदवून टाका." टाकला. पिनही टाकला, पण लक्षात ठेवला नाही. पिन ही मागच्या पिढीची गोष्ट, असं मी ग्रुपवर आधीच जाहीर केलं होतं.

शनिवारी दुपारी तीनला बसलो, तर लॅपटॉप मला ओळखेना. चष्मा काढला, घातला, हसून पाहिलं, गंभीर झालो. नाही म्हणजे नाही. आठवतील ते पिन टाकले, तेव्हा तो जास्तच संशयानं पाहू लागला. ऑफिसला सुट्टी, मदतीच्या नंबरावर नुसती सनई.

अकरावीतली मुलगी मागून म्हणाली, "बाबा, मतलब त्याला तुम्ही नको आहात, कालचे साफावाले बाबा पाहिजेत."

"साफा कुठाय?" मी ओरडलो.

"बादलीत," बायको म्हणाली. "रंग जातोय त्याचा."

खालच्या मजल्यावरच्या अंकलजींना बोलावलं. गल्लीतल्या प्रत्येक नवरदेवाचं डोकं त्यांच्या हाताखालून गेलेलं. आधी बायकोची निळी साडी बांधून पाहिली. लॅपटॉपनं ढुंकून पाहिलं नाही. शेवटी साफाच पिळून काढला.

"गीला ही बाँध दूँ?" अंकलजी म्हणाले.

"बाँध दीजिए."

"गर्दन सीधी रखिए, भाईसाहब. इतना तो दूल्हा भी नहीं हिलता."

पिवळं पाणी कॉलरमधून पाठीवर उतरत असताना लॅपटॉप उघडला. घरात टाळ्या पडल्या. साडेचार झाले होते.

गाव निवडायची सोय अर्जात नव्हती, बदलीचं कारण लिहायला मात्र मोठा चौकोन होता. मोठा चौकोन दिसला की माझा ताबा सुटतो. इथला उन्हाळा, खाणंपिणं, भाषा यांच्याशी जुळवून घेणं मला कसं जड जातंय, हे मी रंगवून लिहिलं. मग अर्जानं जागेवरच फोटो मागितला.

"साफा काढा ना," मुलगी म्हणाली.

"काढला आणि हा पुन्हा बंद पडला तर?"

फोटो साफ्यासकट गेला. पाचला सात मिनिटं असताना अर्जही गेला.

महिनाभरानं उत्तर आलं. बदली मंजूर. जोधपूरला. मी वरच्या ऑफिसात फोन लावला. तिकडचे साहेब खुशीत होते. "अहो, जुळवून घेता येत नाही म्हणता आणि फोटोत तर सरदार दिसताय! जोधपूरला असाच माणूस हवा होता. फेरविचाराचा अर्ज करा हवं तर, सोमवारपर्यंत मुदत आहे."

बायकोनं माझा अर्ज बघायला मागितला. उभ्यानंच वाचला, मग बसून पुन्हा वाचला.

"अहो, यात माझी शाळा कुठाय?"

मी चष्मा पुसून चौकोन वरपासून खालपर्यंत पाहिला. उन्हाळ्यावर सहा ओळी होत्या. डाळ-बाटी खाल्ल्यावर येणाऱ्या जडपणावर दोन. शाळेचं नाव नव्हतं. रजेचं नव्हतं. पत्नी हा शब्दच नव्हता.

"मला वाटलं, ते त्यांना ठाऊकच असेल," मी म्हणालो.

"कुणी सांगितलं असतं त्यांना? मी?"

मी चष्मा पुन्हा पुसायला घेतला. एरवी मला प्रत्येक गोष्टीवर मत असतं.

तिनं लॅपटॉप स्वतःपुढं ओढला. तोवर ऑफिसनं नवा पिन करून दिला होता, तो तिला पाठ होता. पत्नी मिरजेत शिक्षिका आहे, जूनमध्ये हजर व्हायचं आहे, मुलगी सोबत आहे, कुटुंब एकत्र राहावं ही विनंती. एवढंच लिहिलं. चौकोन जवळजवळ रिकामा राहिला, तो पाहून माझे हात शिवशिवत होते.

"आणखी एखादी ओळ टाकू का?" मी विचारलं.

"तुम्ही फोटोला बसा," ती म्हणाली, "आणि तोंड मिटून बसा."