लग्न डिस्कवर उतरवताना

कॉम्प्युटरची हार्ड डिस्क भरली की नको ते पुसून जागा करता येते. डोक्यात साठलेल्या किश्श्यांचं तसं नाही, ते वाढतच जातात. शुक्रवार पेठेत आमचं व्हिडिओचं दुकान आहे. नवरा शूटिंगला बाहेर, त्यामुळे दुकानात मी आणि माझे धाकटे दीर सिद्राम भावजी. लोक लग्नामुंजीचे जुने व्हिडिओ आणतात, आम्ही त्यांचा फॉरमॅट बदलून डीव्हीडीवर उतरवून देतो. "आता डिस्क कोण बघतं?" असं विचारणाऱ्यांनी एक दिवस आमच्या काउंटरवर बसून बघावं.

भावजी नवीन होते तेव्हा तासाभराचं कन्व्हर्जन त्यांनी दोन मिनिटांत करून दाखवलं. मी खूश. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक डिस्क घेऊन परत हजर, काहीच दिसत नाही म्हणून. चौकशी केली, तर या गृहस्थांनी फाइलच्या नावातली फॉरमॅट सांगणारी शेवटची अक्षरं खोडून दुसरी टाकली होती. बाकी काही नाही.

मी म्हटलं, "भावजी, लग्नात माझं नाव बदललं. म्हणून मी बदलले का?"

त्यांनी जरा विचार केला. "दादाला विचारून सांगतो."

अकलूजच्या एक शिक्षिका पेनड्राइव्ह घेऊन आल्या. आत व्हिडिओ नाहीच, नुसता शॉर्टकट. बाई ऐकेनात. "नाव तर दिसतंय की!"

भावजी म्हणाले, "मॅडम, तुम्ही घराचा पत्ता आणलाय. घर तिकडंच राहिलं."

पुढच्या रविवारी बाई आल्या त्या चादरीत गुंडाळलेला आख्खा सीपीयू घेऊन. एसटीत तो मांडीवर धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "कंडक्टरनं विचारलं, ह्यात काय हाय? म्हटलं, भावाचं लग्न."

जुना चौकोनी व्हिडिओ रुंद पडद्यावर ताणला की सगळी माणसं आडवी फुगतात. एकदा आमच्या हातून तशीच डिस्क गेली. नवरदेवाची आई दुकानात आली तेव्हा मी आधीच हात जोडून उभी. "बदलून देते मावशी."

"कशाला?" त्या म्हणाल्या. "माझ्या पोराच्या अंगावर मांस दिसलं ते ह्याच्यातच. ऱ्हाऊ दे की."

पेठेतलेच एक गुरुजी नातवाच्या मुंजीचा व्हिडिओ घेऊन आले. मी म्हटलं, संध्याकाळी या. "सुरू केलेलं काम अर्धवट टाकून उठायचं नसतं," म्हणाले आणि बाकावर मांडी घालून बसले. स्क्रीनवर टक्के वाढत गेले. अठ्ठ्याण्णव झाले आणि लाइट गेली. मी माफी मागायला तोंड उघडणार, तोच गुरुजींनी उपरणं झटकून पुन्हा खांद्यावर टाकलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "परत संकल्पापासून."

आता जेऊरच्या नानांचं सांगते. नाना शेतकरी, बोलायला अगदी कमी. मुलीच्या लग्नाच्या जुन्या सीडी घेऊन आले, घरच्या प्लेअरवर त्या अडकत होत्या. भावजींनी सगळ्याची कॉपी केली. शेवटची सीडी ड्राइव्हमधून काढताना तडकली, पण कॉपी झालेली होती म्हणून आम्ही कोणी घाबरलो नाही. भावजींनी सवयीप्रमाणे टाकाऊ भाग कापले, डीव्हीडी केली, नाना घेऊन गेले.

आठवड्यानं परत आले. "समदं झ्याक हाय. पर शेवटचं न्हाय."

"शेवटी काही नव्हतंच की नाना," भावजी म्हणाले. "कॅमेरा चुकून चालू राहिलेला. नुसती सतरंजी आणि चपला."

"व्हय. तितं हिचा आवाज हाय."

नानांच्या बायकोला जाऊन चार महिने झाले होते. लग्नात त्या सगळा वेळ कामात, बोलताना कुठंच सापडत नव्हत्या. आवाज होता तो तेवढ्याच तुकड्यात.

सीडी तडकलेली, आणि कॉम्प्युटरवरची कॉपी मी स्वतःच्या हातानं डिलीट केलेली. खरं सांगते, नानांकडं बघायचं धाडस होईना.

"वहिनी, थांबा," भावजी म्हणाले आणि त्यांनी रीसायकल बिन उघडलं. ते रिकामं करा म्हणून मी रोज ओरडते. या माणसानं दोन महिन्यांत त्याला हात लावला नव्हता. फाइल तिथंच होती. जीव असा भांड्यात पडला, की मी दिरापुढं चक्क हात जोडले.

कन्व्हर्ट व्हायला वेळ लागणार होता. नाना सकाळच्या गाडीनं आलेले, दुपारचे दोन वाजून गेलेले. मी डबा पुढं केला. "आदी ते हू द्या," म्हणाले. पाण्याशिवाय कशाला हात लावला नाही.

डिस्क तयार झाली, ती दुकानातल्या टीव्हीवर लावली. सतरंजी दिसली, चपलांची रांग, कुणाचे तरी पाय. मग कडेनं कुठून तरी बाईंचा आवाज आला, "अवो, जेवला का तुमी? का नुसतंच हिंडताय?"

नाना खुर्चीत सावरून बसले.

"जेवलो की," म्हणाले.