त्यांच्या हातची निब

लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी आमच्या ह्यांच्या शाईपेनाला हात लावला आणि घरात पहिलं भांडण झालं. गिरणीत द्यायच्या डब्यावर नावाची चिठ्ठी चिकटवायची होती, एवढंच.

"निब फिरती गं. एका हाताला बसली की दुसऱ्याला द्यायची न्हाई," हे म्हणाले.

"आवं, पेन हाय का बायको?" मी म्हणाले. हे हसले, पण पेन काही दिलं नाही.

काळं, जाडजूड पेन. पहिल्या पगारात साताऱ्याहून घेतलेलं. मेढ्याच्या शाळेत सगळी नोकरी त्याच पेनावर झाली. रविवारी सकाळी पेन उघडून धुवायचं, ड्रॉपरने शाई भरायची, हा ह्यांचा सोहळा. शर्टाच्या खिशांवरचे डाग घासताना मी त्या पेनाचा उद्धार करायची. निवृत्तीनंतर आम्ही कुंडलला आलो, पेनही आलं.

गेल्या हिवाळ्यात ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं परत आलं, पाय चालू लागला. उजवा हात मात्र मांडीवर नुसता पडून असायचा. व्यायाम शिकवणारी मुलगी यायची. उजव्याला वेळ लागेल, तोवर डाव्याची सवय करा, पण उजव्याचा व्यायाम सोडू नका, असं तिनं बजावलं होतं. ह्यांनी दोन्ही सोडलं. बॉलपेन दाबावं लागतं आणि बोटांत जोर नव्हता. एकदा ते भिरकावून म्हणाले, "आता काय लिवायचं राहिलंय?"

 हाताचं एक वेळ ठीक, पण माणूसच उठायला तयार नव्हता.

मग मी कपाटातून शाईपेन काढलं. शाई वाळून खडा झाली होती. कोमट पाण्यात ठेवलं, पाणी निळं होत गेलं. नवी शाई भरली आणि जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून पुढ्यात ठेवलं. ह्यांनी डाव्या हातात पेन धरलं. निब नुसती खरखरली, रेघ उमटेना. इतक्या वर्षांत ती उजव्या हाताच्या तिरकेपणानं झिजली होती.

"आणा इकडं," म्हणत मी लिहायला बसले. मलाही जमेना.

"तशी न्हाई. तिरकी धर."

मी मुद्दाम आणखी सरळ धरली.

"आगं, मोडशील!" डाव्या हातानं त्यांनी पेन ओढून घेतलं. मग त्याच हातानं उजवा हात उचलून कागदावर ठेवला आणि बोटांत पेन अडकवलं. दाबायची गरज नव्हती. पेन आपल्याच वजनानं टेकलं, मनगट जरासं सरकलं आणि निळी रेघ निघाली. वाकडी, थरथरती, पण निघाली.

मी बघत होते. वाटलं, नवीन पेन चालवून बघताना सगळे लिहितात तसं श्री लिहितील. पण ह्यांनी माझं नाव लिहिलं. जन्मभर 'ऐकतीस का' म्हणून हाक मारणाऱ्या माणसानं! माझे डोळे भरून आले. मी पदर लावला, तोवर पेन पुढे सरकलं होतं. नावापुढे स्वल्पविराम, आणि त्यापुढे 'चहा'.

मी रडत रडतच चहा टाकायला उठले.