उपकारस्तुती कशाबद्दल?

इंद्रजीत लोंढेकडे आता एकच शब्द उरला होता. "बरोबर."

मार्केट यार्डातल्या आडत्यांचे वजनकाटे दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं. काटा उघडायचा, साफ करायचा, वजन ठेवून बघायचं आणि मान डोलावून म्हणायचं, "बरोबर." दिवाळीनंतर अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, बोलणं गेलं, आणि सगळं वाहून गेल्यावर तळाशी तेवढा एक शब्द राहिला. चहा हवा का दूध? बरोबर. पाठ दुखते का? बरोबर. खिडकी लावू का उघडी ठेवू? बरोबर.

येरवड्यातल्या त्यांच्या गल्लीत एक शेजारीण म्हणालीही, "नशीबवान आहेस हो निशा. बायकोचं सगळंच बरोबर म्हणणारा नवरा आमच्या सात पिढ्यांत झाला नाही." निशा हसली. घरात येऊन मग तिने भांडी जरा जोरातच घासली.

निशा मूळची वर्ध्याकडची. भावाबरोबर पुण्यात आली आणि भोसरीच्या एका कंपनीत पॅकिंगला लागली. तिथला काटा सारखा बिघडायचा. तो दुरुस्त करायला येणारा माणूस काटा नीट चालायला लागल्यावरही येत राहिला, तेव्हा सगळ्या बायकांना काय ते कळलं. तो ख्रिस्ती, ही हिंदू. लग्न कोर्टात झालं. भावाने दोन वर्षं तोंड बघितलं नाही. सासूने मात्र पहिल्या दिवशी हातात चहा दिला आणि धर्माचा विषय कधीच काढला नाही. लेक तनया व्हायच्या आधी निशाने आपणहून बाप्तिस्मा घेतला. का घेतला, हे तिला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. घरातले सगळे एका बाजूला आणि आपण एकटी दुसऱ्या बाजूला, हे तिला बरं वाटत नव्हतं एवढंच.

प्रार्थना करणं हे मात्र इंद्रजीतचं खातं होतं. तो डोळे मिटून रोज वेगळं काहीतरी बोलायचा. शेजारच्या म्हाताऱ्याच्या खोकल्यापासून तनयाच्या गणितापर्यंत सगळं त्यात यायचं. निशा शेवटी आमेन म्हणायची. देवाशी बोलायला घरात एक माणूस होता, दुसऱ्याची गरज पडली नव्हती. आता तो माणूस खुर्चीत बसून होता आणि घरात कुणीच देवाशी बोलत नव्हतं.

मंडळीतल्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, लोकांना हे कळत होतं. म्हणून पाळकसाहेबांनी बुधवारची प्रार्थनासभा लोंढ्यांच्या घरी ठेवली. दहा-बारा माणसं दोन खोल्यांत कशीबशी मावली. गीत झालं, वचन वाचून झालं, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला निशाच्या कानाशी एक आवाज आला. जाडसर, ओळखीचा. तिने डोळे उघडले. इंद्रजीत म्हणत होता. अडखळत नव्हता, शब्द खात नव्हता. भाकरीची ओळ, क्षमेची ओळ, सगळं स्वच्छ, अगदी शेवटपर्यंत.

एक एक करून बाकीचे गप्प झाले. शेवटची ओळ तो एकट्यानेच म्हणाला.

मग जो गलका झाला तो विचारू नका. मथुरामावशी, म्हणजे मंडळीतल्या सगळ्यात जुन्या बाई, रडत रडत उभ्या राहिल्या. "येत्या रविवारी संध्याकाळी याच घरी उपकारस्तुती! मी आत्ताच जाहीर करते. चिवडा माझ्याकडून."

उपकारस्तुती म्हणजे देवाचे आभार मानायची सभा. कुणी आजारातून उठलं, घर झालं, की घरचा माणूस सगळ्यांपुढे उभा राहून सांगतो, देवाने काय केलं ते. मग प्रार्थना होते आणि चहा. निशाच्या तोंडून हो निघून गेलं. त्या क्षणी दुसरं काय निघणार होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली. "अहो, माझं नाव सांगा बरं."

"बरोबर."

"नाव. माझं नाव."

"बरोबर," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिने प्रार्थनेची पहिली ओळ म्हटली. त्याने पुढचं घडाघडा म्हटलं. तिने मधेच थांबवलं आणि भाकरीचा तुकडा पुढे धरला. "हे काय आहे?" त्याने तुकड्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. ओठ हलले. शब्द आला नाही. जो शब्द त्याने आत्ता म्हटला होता, तोच आला नाही.

"काऊन बोलत नाही हो तुमी?" निशा ओरडली. इतक्या वर्षांत गावाकडची बोली अशी तोंडातून सुटली नव्हती.

शुक्रवारी दवाखान्यात अस्मिता मॅडमनी, त्या बोलायला शिकवायच्या, सगळं ऐकून घेतलं. "काकू, पाठ असलेल्या गोष्टी मेंदूत वेगळ्या राहतात. आकडे, वार, आरत्या, प्रार्थना. एक शब्द पुढच्याला ओढून आणतो. आपण रोज बोलतो ती वाट वेगळी, आणि काकांची ती वाट बंद पडलीय."

"म्हणजे ते बरे होत नाहीत?"

"तसं मी म्हणाले नाही. हे बरं होणं नाही. वाईटही नाही."

"मग काय आहे?"

अस्मिता मॅडमनी फाईल मिटली. "आहे, एवढंच म्हणू या सध्या."

रिक्षात बसल्यावर तनयाने विषय काढला. ती खराडीला एका आयटी कंपनीत होती आणि आईला एखादी गोष्ट समजावताना तिचा आवाज कॉलवर असल्यासारखा व्हायचा. "आई, रविवारचं कॅन्सल कर. हे मिरॅकल नाहीये, मेमरी आहे. त्या दिवशी सगळे पप्पांना प्रश्न विचारतील आणि ते बरोबर, बरोबर म्हणत बसतील. मला नाही बघवणार."

"आणि मावशींना काय सांगू?"

"सांग, चिवडा आम्ही पाठवून देतो परत."

निशाला हसूही आलं नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ती प्रार्थना म्हणताना इंद्रजीत आत होता का? का एखादी टेप वाजावी तसं ते नुसतंच वाजलं? टेपच असेल, तर रविवारी उभं राहून आभार कशाचे मानायचे? आणि टेप नसेल, तर सभा रद्द करणं म्हणजे दिलेलं परत करणं नाही का?

शनिवारी ती चर्चच्या आवारात पाळकसाहेबांना भेटली. वयाने तिच्यापेक्षा लहान, चष्म्याची काडी तारेने बांधलेली. त्यांनी अस्मिता मॅडमचं म्हणणं पुन्हा एकदा सांगायला लावलं.

"साहेब, चमत्कार झाला का नाही, तेवढं सांगा."

"मला नाही माहीत, ताई."

"तुम्हालाच नाही माहीत?"

"बुधवारी मला वाटलं झाला. आता तुम्ही सांगताय ते ऐकून..." त्यांनी चष्मा काढून पुसला. "सभा ठेवायची का नाही ते तुम्ही ठरवा. ठेवलीत तर जे आहे तेच सांगा. खुर्च्या मी सांगून ठेवल्यात, त्यांचं काय, परत नेता येतात."

तिने सभा रद्द केली नाही. धीर झाला म्हणून नव्हे. मथुरामावशींना फोन करायचा म्हणून चार वेळा मोबाईल उचलला आणि चारही वेळा खाली ठेवला.

रविवारी बुधवारच्या दुप्पट माणसं आली. काही तर दारात, काही जिन्यात. इंद्रजीतला इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. येईल तो त्याचा डावा हात हातात घेऊन विचारी, "काय लोंढे, बोला की!" आणि तो म्हणे, "बरोबर." माणसं एकमेकांकडे बघू लागली. तनया स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

गीत झालं. पाळकसाहेबांनी निशाकडे बघितलं. ती उठली.

"मला बोलता येत नाही," ती म्हणाली. "हे बोलायचे. बुधवारी यांनी प्रार्थना म्हटली ते तुम्ही ऐकलं. पण हे बरे झालेले नाहीत. मॅडम म्हणतात, पाठ होतं म्हणून आलं. माझं नाव यांना येत नाही. म्हणजे आज मी तुम्हाला बोलावलं, पण कशाबद्दल ते मलाच ठाऊक नाही."

जिन्यात कुणीतरी खोकलं. मथुरामावशींनी पदर तोंडाला लावला.

"प्रार्थना करा, ताई," पाळकसाहेब हळूच म्हणाले. "घरच्यांनी करायची असते."

निशाने डोळे मिटले. "हे देवा," ती म्हणाली. पुढे काय? इंद्रजीत काय म्हणायचा? रोज ऐकलेलं, आणि एक वाक्य आठवेना. "हे देवा, तू..." घरभर शांतता. पुन्हा तोंड उघडलं, आवाजच फुटेना. आपलंही यांच्यासारखंच झालं, असं तिला वाटलं आणि ती घाबरली.

मग तिच्या मनगटाला काहीतरी लागलं. इंद्रजीतने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं होतं. घट्ट, दुखेल इतकं. आणि त्याने सुरुवात केली. पहिल्या ओळीपासून, एकट्याने. बुधवारी सगळे म्हणत होते म्हणून तो मागोमाग गेला होता. गुरुवारी सकाळी तिने पहिली ओळ दिली होती. आत्ता कुणीच काही दिलं नव्हतं. तो तिच्याकडे बघत म्हणत होता, डोळे उघडे ठेवून, आणि तिचे ओठ हलेपर्यंत त्याने मनगट सोडलं नाही. मग ती म्हणायला लागली. मग मावशी, मग जिन्यातले सगळे.

चहाच्या वेळी तनया तिच्याजवळ आली. डोळे लाल होते. "आई, ते कदाचित... सगळे गप्प झाले ना, त्यावरून त्यांना वाटलं असेल. मी मॅडमना विचारते."

"विचार," निशा म्हणाली. "मलाही ऐकायचंय." पाठ असलेलं कसं येतं, हे मॅडमनी सांगितलं होतं. कधी म्हणायचं आणि कुणासाठी, तेही पाठ असतं का, ते विचारायचं तिने ठरवलं. मॅडमना माहीत नसेल, असंही तिला वाटलं. मनगटावर बोटं उमटली होती. ती त्यांवरून अंगठा फिरवत राहिली. दिवाळीनंतर पहिल्यांदाच तिला उद्याचा दिवस कधी उजाडतो असं झालं होतं. असं का व्हावं, हे काही तिला सांगता आलं नसतं.

मथुरामावशी चिवड्याचं रिकामं पातेलं घेऊन समोर उभ्या राहिल्या. कशाबद्दल ते ठाऊक नाही, असं निशाने सगळ्यांपुढे म्हटल्याचा राग अजून गेला नव्हता. "निशा, आता मला एवढं सांग. ही उपकारस्तुती झाली का नाही झाली?"

"ठाऊक नाही, मावशी. झाली असेल."

"असेल म्हणजे?"

"म्हणजे या बुधवारीही सभा आमच्याकडेच ठेवा."

मावशींनी तिच्याकडे, मग इंद्रजीतकडे, मग घरभर सांडलेल्या चिवड्याकडे बघितलं. "ठेवू," त्या म्हणाल्या. "पण चिवडा तुझा."